लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलसाठी शिशाच्या बुलेटचा साचा घेताय? आधी या चुका टाळा

माझ्या तळघरातल्या कपाटाच्या एका खणात कित्येक वर्षं तीन साचे पडून होते. तिन्ही नावाजलेले, तिन्ही जवळजवळ नवेकोरे, आणि तिन्ही माझ्या रायफलच्या काडीच्या कामाचे नाहीत. वडिलांची शिरोलीला छोटी फाउंड्री होती, ओतकाम बघतच मी वाढलो. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात आल्यावर शेजाऱ्याच्या नादाने शिसं वितळवायला बसलो तेव्हा वाटलं, यात आपल्याला कोण काय शिकवणार! ओतणं जमलंही. हुकलं ते साचा निवडताना, कारण आधी कॅटलॉग उघडला आणि रायफल मोजली नंतर. खालच्या बहुतेक चुका त्याच उलट्या क्रमातून जन्मतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे सगळं अमेरिकेतल्या, कायदेशीर छंद म्हणून चालणाऱ्या कामाबद्दल आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येनुसार दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री हाही दारूगोळाच, आणि तो बनवायला परवाना लागतो. तेव्हा कुणा मामेभावाला दाखवायला म्हणून साचा बॅगेत टाकून मुंबई विमानतळावर उतरू नका. अमेरिकेतही सगळीकडे एकच नियम नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

टोकदार नाकाचा साचा

या एका चुकीला माफी नाही. विंचेस्टर ९४ काय किंवा मार्लिन ३३६ काय, या ट्रिगरखालची तरफ (लिव्हर) ओढून काडतूस भरायच्या रायफली. यांचं मॅगझीन म्हणजे काडतुसं साठवणारी, नळीखालची दुसरी नळी. काडतुसं तिच्यात मुंग्यांच्या रांगेसारखी एकामागे एक बसतात, मागच्या बुलेटचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडाशी असलेल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टिकलीला टेकून. बार उडाला की धक्क्याने अख्खी रांग हादरते. नाक टोकदार असेल तर ते फायरिंग पिनचं, म्हणजे प्रायमरवर ठोका मारणाऱ्या खिळ्याचं काम करू शकतं, आणि मग काडतूस मॅगझीनमध्येच, तुमच्या डाव्या हाताच्या तळव्याखाली उडतं. २००० च्या दशकात मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या तयार गोळ्या खास या रायफलींसाठी आल्या, पण ती सोय ओतीव शिशात नाही. थर्टी-थर्टी या रायफलींच्या नेहमीच्या काडतुसासाठी साचा घ्यायचा तो रुंद, चपट्या नाकाचाच. ‘किंचित गोल’, ‘जवळपास चपटं’ असल्या वर्णनावर भुलू नका. चपटा भाग प्रायमरपेक्षा रुंद आहे का, ते चित्रात बघा.

साच्यावरचा आकडा म्हणजे बुलेटचा व्यास, असं समजणं

माझा पहिला साचा इथे गेला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साच्यांच्या क्रमांकात माहिती असते. लायमनच्या ३११०४१ मध्ये पहिले तीन अंक व्यासाचे, ०.३११ इंच, पुढचे त्या नमुन्याचे. लीच्या सी३०९-१७०-एफ मध्ये सी म्हणजे गॅस चेकची, बुडाला तांब्याची टोपी बसवायची सोय, ३०९ व्यास, १७० ग्रेन वजन आणि एफ म्हणजे चपटं नाक. दोन्ही थर्टी-थर्टीवाल्यांच्या आवडीचे. पण तो व्यास कंपनीने धरलेल्या मिश्रधातूचा असतो. लायमन आपल्या नंबर दोन मिश्रधातूवर आकडे देते: ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी. तुम्ही मऊ, जवळपास शुद्ध शिसं ओतलंत तर तोच साचा एखादा थाउ बारीक बुलेट टाकतो. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लेथवर काम केलेल्यांना सांगायला नको. बाहेर एका थाउला कोणी विचारत नाही, पण बुलेट आणि बॅरल यांच्यात तो सगळं ठरवतो.

बुलेट बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांपेक्षा बारीक असली की गरम वायू तिच्या बाजूने निसटतो, शिसं खरवडतो आणि पुढे नळीत लेपतो. चार-पाच बारांनंतर नेम विस्कटतो. मग नवशिका म्हणतो, शिसं मऊ होतं, आणखी कडक मिश्रधातू हवा. मीही तेच म्हणालो होतो. महागडं लिनोटाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचं कडक शिसं आणून ओतलं, लेप तसाच. दुखणं मापात होतं, कडकपणात नव्हे.

तेव्हा साच्याआधी रायफल मोजा. रायफल रिकामी आहे ना, ते दोनदा बघा. बॅरलमधून तेलाचा हात फिरवा. मासेमारीचं शुद्ध शिशाचं वजन, नळीपेक्षा किंचित जाड, लाकडी हातोडीने आणि पितळी सळईने हळूहळू आरपार सारा. मार्लिनचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) निघतो, म्हणून मागून घालता येतं. विंचेस्टर ९४ ला तोंडाकडूनच घालावं लागतं. बाहेर आलेल्या तुकड्यावर खाचांची छाप असते, ती मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियर इथे पुरत नाही, त्याच्या हातात एका थाउची चूक नेहमीच असते. खाचांच्या मापापेक्षा एक ते दोन थाउ जाड बुलेट हवी. थर्टी-थर्टीची खाच कागदावर ०.३०८, म्हणून ०.३०९ ते ०.३१०.

मार्लिनवाल्यांनी इथे थांबावं. १९५० च्या दशकात मार्लिनने मायक्रो-ग्रूव्ह नावाची उथळ, पुष्कळ खाचांची नळी आणली; थर्टी-थर्टीत बारा खाचा. तिच्यात ओतीव शिसं चालतच नाही, हा समज अजून ऐकू येतो. चालतं, उत्तम चालतं, फक्त बुलेट ०.३१० किंवा ०.३११ ची लागते. ०.३०९ टाकणारा साचा तिथे फुकट. ठोस नियम एकच: जाड बुलेट साइझिंग डायमधून काढून बारीक करता येते, बारीक बुलेट जाड करता येत नाही. शंका असेल तर जाड टाकणारा साचा घ्या. मात्र त्याआधी एवढी जाड बुलेट भरलेलं काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीत ते बसायच्या जागेच्या मानेत सहज जातं का, ते बघायला हवं.

नाकाचा व्यास विसरणं

हा माझा दुसरा साचा. बऱ्याच रायफल बुलेटचा पुढचा भाग खाचांत बसत नाही, दोन खाचांमधल्या उंचवट्यांवरून घसरत जातो. थर्टी-थर्टीच्या साच्यात हे नाक साधारण ०.३०० चं धरलेलं असतं. माझ्या मार्लिनचे उंचवटे ०.३०२ भरले. म्हणजे बुलेटचं बूड घट्ट, नाक हलतंय; ढिल्या दांड्याची कुऱ्हाडच जणू. पन्नास यार्डांवर भोकांचा गट ताटाएवढा. उलटही घडतं. नाक जाड आणि रायफलचा घसा (चेंबर आणि खाचा यांच्यामधला भाग) आखूड असेल, तर लिव्हर पूर्ण बंद होत नाही, किंवा न उडवलेलं काडतूस बाहेर काढताना बुलेट नळीत रुतून बसते आणि पुंगळी तेवढी हातात येते, दारू सांडून. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये बुलेट थोडी आत ढकलून हे सोडवता येतं. लिव्हरमध्ये बुलेट क्रिंपच्या खाचेपाशीच (जिथे पुंगळीचं तोंड दाबून बुलेट पकडतात) बसवावी लागते, कारण मॅगझीनची स्प्रिंग तिला सतत मागे दाबते. म्हणून क्रिंपची खाच नसलेला साचा घेऊच नका, आणि ती खाच कुठे आहे यावर लांबी ठरते हे लक्षात ठेवा.

लांबीचा विषय निघालाच आहे, तर पिस्तुलाच्या काडतुसांच्या लिव्हर रायफली असलेल्यांसाठी. अमेरिकन शस्त्रलेखक एल्मर कीथच्या ३५८४२९ नमुन्याचं खूप नाव आहे आणि ते खरंही आहे, पण ते रिव्हॉल्व्हरसाठी. ०.३५७ मॅग्नमच्या पुंगळीत ती लांब नाकाची बुलेट क्रिंप-खाचेपाशी बसवली की काडतूस ठरलेल्या १.५९० इंचांच्या पुढे जातं, आणि रायफलचा कॅरिअर ते उचलताना अडकतो. शिवाय कीथ नमुन्याला धारदार खांदा असतो, तो चेंबरच्या कडेला धडकतो. गोल उतारावर चपटं टोक असलेला नमुना लिव्हरमध्ये लोण्यासारखा सरकतो. थर्टी-थर्टीची कमाल लांबी २.५५० इंच.

जड म्हणजे चांगली

१७० ग्रेन ऐकून किती जड, हे पटकन कळत नाही. आपल्या आजीच्या हिशोबात सांगायचं तर जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे थर्टी-थर्टीची बुलेट तोळ्याला थोडी कमी. बहुतेक रायफलींना १५० ते १८० ग्रेनचे साचे मानवतात. गडबड होते ती ०.४४ मॅग्नममध्ये. मार्लिन १८९४ च्या ०.४४ नळीत बुलेट ३८ इंचांत एक फेरा घेते, म्हणजे फारच संथ. ३०० ग्रेनची लांबुडकी बुलेट तिथे पुष्कळदा स्थिर राहत नाही आणि कागदाला आडवी भोकं पाडते. २४० च्या आसपास राहा. त्याच नळ्यांच्या खाचा ०.४३१ पर्यंतही निघतात, तेव्हा ०.४२९ टाकणारा पिस्तुलाचा साचा घेण्याआधी पुन्हा मायक्रोमीटर.

गॅस चेकबद्दल थोडक्यात: सेकंदाला साधारण १४०० फुटांच्या पुढे जायचं असेल, आणि थर्टी-थर्टी नेहमीच्या भरणीत जातेच, तर बुडाला तांब्याची टोपी बसणारा साचा घ्या. नुसत्या मंद भरणीसाठी सपाट बूड पुरतं.

साचा लोखंडी की अ‍ॅल्युमिनिअमचा, या वादात मी पडत नाही. अ‍ॅल्युमिनिअम लवकर तापतं आणि गंजत नाही. लोखंड अनेक वर्षं टिकतं, पण दमट तळघरात तेलाविना ठेवलंत तर महिन्यात तांबूस होतं. नवशिक्याने सहा पोकळ्यांचा मात्र घेऊ नये. दोन पोकळ्यांत हात बसला की पुढचं पुढे.

साचा आधीच घेतलाय आणि बिघडलंय?

बुलेटवर सुरकुत्या दिसत असतील तर साचा थंड आहे किंवा पोकळीत तेल राहिलंय. डिश सोप आणि टूथब्रशने धुवा, पूर्ण वाळवा, पहिल्या दहा-पंधरा बुलेट परत भांड्यात टाका. पृष्ठभाग दहिवर पडल्यासारखा पांढुरका असेल तर साचा फार तापलाय. दिसायला वाईट, उडवायला ठीक. कडांना पातळ पापुद्रे निघत असतील तर साच्याच्या दोन फाळ्यांत शिशाचा कण अडकलाय. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते भांड्याबाहेर उसळतं, म्हणून कुठलीही ओली वस्तू जवळ नको. हवा खेळती ठेवा, हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

थोडी बारीक टाकणाऱ्या साच्याला जुगाड आहे. फाळ्यांच्या जुळणाऱ्या बाजूंवर, पोकळ्यांपासून दूर, उष्णता सोसणाऱ्या अ‍ॅल्युमिनिअम टेपचे छोटे तुकडे लावा. बुलेट थाउ-दोन थाउ वाढते, किंचित लांबट गोल होते, साइझिंग डाय ती सरळ करतो. पावडर कोटिंग करणाऱ्यांना तेवढीच जाडी लेपातूनही मिळते. यापेक्षा जास्त फरक असेल तर साचा विका.

मी तेच करायला निघालो होतो. गेल्या रविवारी शेजारी त्याच्या आजोबांची विंचेस्टर ९४ घेऊन आला. तळघरातच शिशाचा तुकडा नळीतून सारला, मोजला: ०.३०८, अगदी कागदावरच्यासारखी. माझा पहिला, ०.३०९ टाकणारा साचा त्याने रुमालात गुंडाळून नेला. खणात आता दोन उरलेत.