केनेडी दाम्पत्याच्या मेजवान्यांचे कागद वाचताना या चुका टाळा

समजा, समोरच्या टंकलिखित कागदावर तारीख आहे 7/11/61. आपल्या सवयीने आपण ती 7 नोव्हेंबर 1961 अशी वाचतो. त्या रात्री व्हाइट हाउसमध्ये पंडित नेहरूंच्या सन्मानार्थ जेवण होतं, इंदिरा गांधीही सोबत होत्या. म्हणजे कागद नेहरूंच्या मेजवानीचा, असं धरून आपण लिहायला बसतो. पण अमेरिकेत महिना आधी लिहितात. हा कागद 11 जुलै 1961 चा निघतो आणि त्या संध्याकाळचे प्रमुख पाहुणे होते पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयूब खान. जागाही वेगळी, पोटोमॅक नदीकाठचं माउंट व्हर्नन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांचं घर. पाहुणे बोटीने नदीतून तिथे गेले आणि स्वयंपाक व्हाइट हाउसमध्ये करून गाड्यांनी नेला. नेहरूंच्या जेवणाचा कागद हवा असेल तर त्यावर 11/7/61 असणार. आपण तो जुलैचा समजून बाजूला सारतो.

योगायोगच म्हणायचा, पण दोन आकड्यांच्या अदलाबदलीत भारताच्या जागी पाकिस्तान येतो. एका दिवाळी अंकासाठी लिहिताना माझ्या मसुद्यात ही चूक शिरली होती, अगदी शेवटच्या वाचनात सापडली. तेव्हापासून टिपण काढताना मी महिना अक्षरीच लिहिते. ‘11 जुलै’ असं लिहिलं की वाद उरत नाही. छायाचित्रांच्या क्रमांकात मात्र बऱ्याचदा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने तारीख गुंफलेली असते. कागद आणि छायाचित्र जुळवताना ती फार कामी येते.

हे सगळं साहित्य बोस्टनमधल्या जॉन एफ. केनेडी ग्रंथालयात आहे. व्हाइट हाउसच्या समारंभांची निमंत्रणं, पाहुण्यांच्या याद्या, नावांची कार्डं, मेन्यू, कोण कुठे बसणार याचे आराखडे हे काम सॅनफर्ड फॉक्स यांच्या कार्यालयाकडे होतं. त्यांच्या नावाने असलेल्या फायलींत 1961 ते 1964 मधले समारंभ प्रसंगवार लावलेले आहेत. त्यातलं बरंच काही घरबसल्या पाहता येतं. अनेक अभ्यासक हे ‘जेवणावळीचे कागद’ म्हणून बाजूला ठेवतात. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. मान कोणाला दिला, कोणाला कोणाशेजारी बसवलं, कोणत्या कलावंताला बोलावलं, हे त्या काळाचं राजकारणच आहे. जॅकलिन केनेडी आणि त्यांच्या सामाजिक सचिव लेटिशिया बॉल्ड्रिज यांनी त्यामागे किती कष्ट घेतले, ते इतर कुठल्या फायलीत इतकं स्पष्ट दिसत नाही. म्हणूनच हे कागद नीट वाचायला हवेत.

सगळ्यात जास्त घात करणारी चूक म्हणजे छापील कागद हीच घडलेली घटना मानणं. निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, आराखडा हे सगळं आधी तयार होतं. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर ‘आमचे येथे’ म्हणून ज्यांची नावं असतात, ते सगळे मांडवात हजर होते असं आपण धरतो का? पत्रिकेवर ‘राष्ट्राध्यक्ष आणि मिसेस केनेडी’ असा ठरलेला मजकूर असायचा, म्हणून त्या रात्री जॅकलिन तिथे होत्याच असं होत नाही. 1 ऑक्टोबर 1963 चं उदाहरण घ्या. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी वॉशिंग्टनला आले, तेव्हा जॅकलिन त्यांच्या स्वागताला युनियन स्टेशनवर गेल्या होत्या. त्यांचं नवजात बाळ पॅट्रिक 9 ऑगस्टला गेलं होतं. स्वागत आटोपून 1 ऑक्टोबरलाच त्या ग्रीसला निघाल्या. रात्रीच्या मेजवानीत यजमानीण म्हणून उभ्या राहिल्या त्या राष्ट्राध्यक्षांच्या आई, रोज केनेडी. नुसती पत्रिका पाहिली तर हे काहीच कळत नाही.

यादीचंही तसंच. एकाच समारंभाच्या अनेक याद्या असू शकतात. कोणाला बोलवायचं याची पहिली, कोणी होकार दिला त्याची दुसरी, कोणी नकार कळवला त्याची तिसरी. पहिलीच हाताला लागली आणि तीच ‘उपस्थितांची यादी’ म्हणून छापली, हे फार होतं. कागदाचं शीर्षक वाचा, खोडलेली आणि हाताने भर घातलेली नावं पाहा. मग आराखडा समोर ठेवा आणि छायाचित्रांशी ताडून घ्या. तीन ठिकाणी नाव सापडलं तर बिनधास्त लिहा. एकाच यादीत सापडलं तर ‘निमंत्रितांत नाव होतं’ एवढंच लिहा.

बायकांची नावं शोधताना हमखास अडायला होतं. स्वतःच्या नावाने शोधलं तर विवाहित स्त्रिया सापडतच नाहीत. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्या नवऱ्याच्या पूर्ण नावामागे ‘मिसेस’ लावून येतात. आपल्या जुन्या आमंत्रणांतलं ‘श्री. व सौ.’ आठवा. एव्हा हेलन पॉलिंग या शांतता चळवळीतल्या स्वतंत्र कार्यकर्त्या होत्या, पण अशा कागदांत त्यांना शोधायचं तर त्यांचे पती, रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या नावाने शोधावं लागतं. लिहिताना मात्र त्यांचं स्वतःचं नाव द्या, एवढं आपण त्यांचं देणं लागतो.

पॉलिंग यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 29 एप्रिल 1962 ला केनेडींनी नोबेल मानकऱ्यांना जेवायला बोलावलं, 49 मानकरी आले. पॉलिंग अणुचाचण्यांविरुद्ध व्हाइट हाउसबाहेर फलक घेऊन निदर्शनं करत होते आणि रात्री तेच आत जेवायला गेले. लिहिण्याच्या ओघात त्यांना ‘दोन नोबेल मिळवणारे पॉलिंग’ म्हटलं जातं. त्या रात्री त्यांच्या नावावर एकच नोबेल होतं, 1954 चं रसायनशास्त्राचं. शांततेचं 1962 सालचं नोबेल जाहीर झालं ऑक्टोबर 1963 मध्ये. ‘कॅमेलॉट’ (दंतकथेतल्या राजा आर्थरचा दरबार) या शब्दाचंही तेच. केनेडींच्या कारकिर्दीला हे नाव चिकटलं ते त्यांच्या हत्येनंतर जॅकलिन यांनी दिलेल्या मुलाखतीमुळे, डिसेंबर 1963 मध्ये. 1961 च्या मैफलीचं वर्णन करताना तो शब्द त्या काळातल्या माणसांच्या तोंडी घालू नका.

मैफल म्हटलं की पाब्लो कासाल्स आठवतात. 13 नोव्हेंबर 1961 ला त्यांनी व्हाइट हाउसच्या ईस्ट रूम या दालनात चेलो वाजवला. या जेवणाला सर्रास ‘स्टेट डिनर’ म्हणतात. पण सन्मान होता अमेरिकेच्याच अखत्यारीतल्या पोर्तो रिकोचे गव्हर्नर लुईस मुन्योस मारीन यांचा, आणि ते कुठल्या देशाचे राष्ट्रप्रमुख नव्हते. काटेकोर अर्थाने स्टेट डिनर राष्ट्रप्रमुखासाठी असतं. त्या अर्थाने नेहरूंचं जेवणही त्यात बसत नाही, कारण ते सरकारचे प्रमुख होते. जून 1963 मध्ये अमेरिकेच्या भेटीवर गेलेले डॉ. राधाकृष्णन मात्र राष्ट्रपती होते. मराठीत सरसकट ‘शाही मेजवानी’ लिहून हा फरक पुसू नये. आणि कासाल्स व्हाइट हाउसमध्ये पहिल्यांदा वाजवत होते असंही लिहू नका. 1904 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर त्यांनी तिथे वाजवलं होतं.

मेन्यू फ्रेंचमध्ये असतात. माउंट व्हर्ननच्या मेन्यूत ‘पूले शासर’ आहे. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर ‘शिकारी कोंबडी’ असलं काहीतरी हाती येतं. प्रत्यक्षात ती मशरूम घातलेल्या दाट रश्शातली कोंबडी. पदार्थाचं नाव तसंच ठेवून पुढे एका ओळीत तो काय आहे ते सांगणं बरं.

भारतीय वाचकांसाठी लिहिताना मार्च 1962 चा जॅकलिन यांचा दौरा येतोच. बहीण ली रॅडझिविल यांच्यासोबत त्या दिल्ली, आग्रा, वाराणसी, उदयपूर, जयपूरला गेल्या. त्याचे कागद व्हाइट हाउसच्या मेजवान्यांच्या फायलींत शोधत बसू नका, तो समारंभ व्हाइट हाउसमधला नव्हताच. आणि ‘सरदार’ नावाचा घोडा त्यांना भारतात भेट मिळाला, असं नावावरून वाटू शकतं. तो अयूब खान यांनी दिला होता, लाहोरमध्ये.

छायाचित्रं वापरताना क्रमांकातली अक्षरं पाहा. एआर म्हणजे ॲबी रो, केएन म्हणजे रॉबर्ट नडसेन, एसटी म्हणजे सेसिल स्टॉटन. हे सरकारी नोकरीतले छायाचित्रकार, त्यांनी कामावर असताना काढलेल्या चित्रांवर अमेरिकेत कॉपीराइट नसतो. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचं तसं नाही, आणि पाहुण्यांनी नंतर पाठवलेल्या आभारपत्रांचंही नाही. पत्राचा कागद ग्रंथालयाचा असला तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा.

चित्र किंवा पान उतरवून घेतलं की त्याच क्षणी फाइलीच्या नावात खोक्याचा आणि फोल्डरचा क्रमांक घाला. सहा महिन्यांनी संपादक विचारतात, ‘हे कुठून घेतलं?’ तेव्हा ‘डाउनलोड 14’ नावाच्या चित्राचा उगम शोधत पुन्हा सगळे फोल्डर उघडावे लागतात.