गालिच्याला कसर लागली तर: आधी तो उलटा करा

खोलीत उडणारा कसरीचा फिकट सोनेरी पतंग टाळी वाजवून मारला की काम झालं, असं समजू नका. त्या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. गालिचा खाते ती त्याची अळी. ती दिसत नाही, कारण ती अंधारात, गालिच्याच्या पाठीला, जड कपाटाखाली बसलेली असते. उडताना दिसतात ते बहुतेक नर. अंडी घालणारी मादी फारशी उडत नाही, ती धाग्यांमधून तुरुतुरु पळते. तेव्हा पतंगांच्या मागे धावण्यात वेळ घालवू नका.

खात्री आधी करून घ्या. कसरीचा पतंग जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचा असतो आणि दिव्याकडे जाण्याऐवजी उजेड टाळतो. गालिच्यावर टक्कल पडल्यासारखे चट्टे, पांढुरक्या रेशमी नळ्या किंवा जाळी आणि वाळूसारखी बारीक विष्ठा दिसली, तर कसरच आहे. ही विष्ठा बहुधा खाल्लेल्या लोकरीच्याच रंगाची असते, म्हणून लाल गालिच्यावर ती सहज नजरेतून सुटते. जाळी अजिबात नाही, पण तपकिरी केसाळ कातीच सापडल्या, तर ते भुंगेऱ्याच्या अळीचं काम. उपाय जवळपास तेच. गालिचा पूर्ण सिंथेटिक असेल, तर अळीचं खरं अन्न दुसरीकडे आहे. लोकरीचे कपडे, पिसांच्या उशा, खिडकीबाहेरचं पक्ष्याचं जुनं घरटं तपासा.

वरची बाजू व्हॅक्यूम करून घ्या. हे सोपं आहे आणि सगळे एवढंच करतात.

आता पाठीची बाजू. मला सर्वांत जड गेलेला टप्पा हाच, आणि बहुतेक सल्ले नेमके इथेच गप्प बसतात. गालिच्यावरचं सगळं सामान हलवा आणि तो पूर्ण उलटा करा. नुसता कोपरा उचलून डोकावू नका. खरी वस्ती असते पलंगाखालच्या, सोफ्यामागच्या, महिनोन्महिने न हललेल्या पट्ट्यात. हाताने विणलेल्या गालिच्यात गाठीचा मागचा भाग पाठीला उघडा असतो. अळी तिथे कुरतडते, त्यामुळे वरून गालिचा धडधाकट दिसतो आणि एक दिवस हात फिरवताच लोकरीचे झुपके निघून येतात.

मादी साधारण ४० ते ५० अंडी घालते आणि ती धाग्यांना चिकटलेली असतात. अळीची नळीही धाग्यांत गुंतलेली असते. त्यामुळे नुसती हवेची ओढ पुरत नाही. आधी जरा कडक ब्रश विणीच्या दिशेने फिरवा. आडवा घासलात तर कमकुवत झालेले धागे तुटतील. लगेच मागोमाग व्हॅक्यूमचं अरुंद तोंड लावा. क्रम असा ठेवा: पाठ, मग खालची जमीन, मग वरची बाजू, आणि शेवटी पुन्हा पाठ. झालर आणि शिवलेल्या कडांच्या घड्या बोटांनी उघडून साफ करा, कारण तिथे अळ्या हमखास असतात. व्हॅक्यूमची पिशवी त्याच वेळी बांधून घराबाहेर टाका.

एकदा करून थांबलात तर मेहनत वाया गेली. उबदार हवेत अंडी ४ ते १० दिवसांत फुटतात, थंडीत जास्त वेळ लागतो, आणि अन्न व ऊब कमी पडली तर अळी दोन वर्षांपर्यंतही अळीच राहू शकते. म्हणून दर आठवड्याला, निदान दोन महिने, पाठीसकट सफाई करा.

उन्हाबद्दल स्पष्ट सांगते. गालिचा नुसता उन्हात पसरला की अळ्या सावलीच्या बाजूला सरकतात आणि रंग मात्र उडतो. त्यांना मारायचं तर आतपर्यंत ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता पोचायला हवी, आणि गुंडाळलेल्या गालिच्याच्या मध्यभागी थर्मामीटर ठेवल्याशिवाय ती पोचली की नाही हे कळत नाही. लहान गालिच्यासाठी मला थंडीचाच उपाय भरवशाचा वाटतो. कोरडा गालिचा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा, आतली हवा दाबून काढा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडू नका, नाहीतर लोकरीवर पाणी धरतं. मोठा गालिचा असेल तर उष्णतेची किंवा थंडीची सोय असलेल्या व्यावसायिकाकडे द्या. हाताने विणलेल्या गालिच्यावर घरगुती वाफेचं यंत्र मात्र कधीही चालवू नका. रंग फुटतो, आणि ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, ओल राहिली की सुती धागा कुजतो.

डांबराच्या गोळ्या गालिच्याखाली पसरू नका. त्यांची वाफ बंद डब्यात साठली तरच कीड मरते. उघड्या खोलीत ती घरची माणसंच हुंगत राहतात, आणि लहान मूल गोळी तोंडात घालू शकतं. लॅव्हेंडर, देवदाराचे तुकडे यांनी आत बसलेली अळी मरत नाही. परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा काम करतो, पण मांजरांना आणि माशांना तो घातक आहे. ते घरात असतील तर फवाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

गालिचा साफ कराल त्याच दिवशी जमिनीच्या फटी आणि भिंतीची कडही साफ करा.

मादीच्या गंधाचे चिकट सापळे जरूर लावा, पण ते फक्त नर पकडतात. त्यांचा उपयोग मोजणीपुरता. आठवड्यागणिक आकडा उतरतोय का ते पाहा. उतरत नसेल तर एखादा पट्टा किंवा एखादं कपाट तपासायचं राहिलं आहे. आकडा शून्यावर आला तरी पुढचा उबदार ऋतू संपेपर्यंत सापळे काढू नका, आणि जड सामान अधूनमधून हातभर सरकवत राहा.