पित्ताची पिशवी काढल्यानंतर पोट कशाने बिघडतं? या चुका टाळा

‘पिशवी गेली, आता पित्त होणार नाही’ हा समज आधी सोडा. आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ यांना आपण पित्त म्हणतो खरं, पण ते जठरातलं आम्ल. ऑपरेशनने ते कमी होत नाही. खरं पित्त यकृतात तयार होतं, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. पिशवी ते साठवून घट्ट करायची आणि तेलकट जेवण आलं की एकदम आतड्यात सोडायची. आता साठा उरला नाही, पित्त दिवसभर थेंबथेंब झिरपतं. भातावरच्या चमचाभर तुपाला ते पुरतं, मिसळीच्या वाटीभर तर्रीला नाही.

म्हणूनच सगळ्यात जास्त नडतं ते टोकाचं खाणं. महिनाभर बिनतेलाचं वरण-भात, मग एखाद्या लग्नात पुरी, भजी, बासुंदी एकाच पंगतीत, आणि रात्री जुलाब. तेल-तूप पूर्ण तोडू नका. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत. पहिले दोन आठवडे एका जेवणाला चहाचा एक चमचा तेल किंवा तूप ठेवा, सोसलं तर हळूहळू वाढवा. दोन भरपेट जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खा.

लपलेलं तेलही मोजा. 30 ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांत सुमारे 15 ग्रॅम स्निग्धांश असतो, जवळपास तीन चमचे तेलाइतका. भाजी बिनफोडणीची करून वर कूट घातलं तर काय साधलं? उपासाला हेच होतं: दिवसभर पोट रिकामं आणि संध्याकाळी कूट-तुपात माखलेली साबुदाण्याची खिचडी. त्यापेक्षा भगर, पातळ ताक, केळं, दोन-तीन वेळा विभागून.

सुरुवातीला पातळ शौचाला होणं बऱ्याच जणांना चुकत नाही. जास्तीची पित्ताम्लं, म्हणजे पित्तातले स्निग्धांश पचवणारे घटक, मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. इसबगोल अशा वेळी उपयोगी, पण तीन चमच्यांनी सुरुवात केली तर पोट फुगतं. एक चमचा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. रिकाम्या पोटी कडक चहा-कॉफी मात्र काही दिवस थांबवा. तरीही जुलाब महिनाभर रेंगाळले तर दुकानातून गोळ्या आणत बसू नका. डॉक्टर कोलेस्टिरामाइनची पूड देऊ शकतात, ती पित्ताम्लं बांधून ठेवते. ती औषधंही बांधते, म्हणून इतर गोळ्या तिच्या किमान 1 तास आधी किंवा 4 ते 6 तासांनंतर घ्यायच्या. शौचातून रक्त, वजन घटणं किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर महिन्याची वाट न पाहता तपासून घ्या.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका. पोटात भरलेल्या वायूमुळे तसं होतं, घरात थोडं थोडं चाललं की उतरतं. पण डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, थंडी वाजून ताप किंवा वाढत जाणारी पोटदुखी ही अपचनाची लक्षणं नव्हेत. पित्ताच्या नळीत खडा अडकलेला असू शकतो, पित्त गळत असू शकतं. ओवा-सोडा घेऊन सकाळ होण्याची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.