ग्रंथालयात या चुका टाळा : देवघेव काउंटरच्या आतल्या बाजूने

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी २२ वर्षं देवघेव विभागात बसले. एवढ्या काळात पुस्तकाच्या आतल्या खिशातली कार्डं जाऊन बारकोड आले, तालिकेचे (कॅटलॉगचे) लाकडी खण जाऊन त्या जागी संगणक आला. चुका मात्र त्याच त्या, दर जूनला नवे चेहरे घेऊन दारात हजर. प्रवेशाच्या दिवशी हातात दिलेली नियमावली संध्याकाळपर्यंत कँटीनच्या टेबलावर वडापावाखाली दिसायची, म्हणून हे लिहायला घेतलं.

पुस्तक लपवून ठेवणं

माझ्या यादीत याचा पहिला नंबर आहे आणि तो हलायचा नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आली की हा प्रकार सुरू होतो. पुस्तक संदर्भ विभागातलं असतं, नाहीतर कार्डावरचा कोटा संपलेला असतो, त्यामुळे घरी नेता येत नाही. मग ते भलत्याच रॅकमध्ये, ओळीच्या मागे आडवं सारायचं आणि रोज येऊन गुपचूप वाचायचं. संगणक म्हणतो ‘उपलब्ध’, शेल्फवर पाहावं तर फट. आमचे शिपाई मामा तासभर शोधतात आणि बोलणी आम्ही खातो.

एका एप्रिलमध्ये एम.ए. अर्थशास्त्राचा एक मुलगा तणतणत काउंटरवर आला.

“मॅडम, काल होतं ते पुस्तक आज जागेवर नाही. काय चाललंय काय इथे?”

“कुठे होतं?”

“तिकडे मागे, खिडकीजवळच्या रॅकमध्ये.”

खिडकीजवळ अर्थशास्त्र कधीच नव्हतं. तिथे वर्गांक (विषयानुसार पुस्तकाला दिलेला आकडा) ६३१.४, म्हणजे मृदाशास्त्र. आमच्याकडे कृषी विभागच नव्हता, त्यामुळे त्या रॅककडे कुणी फिरकायचं नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. पण आदल्याच संध्याकाळी तिथल्या भिंतीला वाळवी दिसली होती. आम्ही रॅक रिकामा करून, पुस्तकांचे सुतळीने गठ्ठे बांधून तळघरात नेऊन टाकले होते. हे सांगितल्यावर त्याचा चेहरा असा काही उतरला की कबुलीजबाब घ्यायची गरजच पडली नाही. मी दंड केला नाही. मामांबरोबर तळघरात पाठवलं आणि म्हटलं, सोड गठ्ठे. दोन दिवस धूळ खात त्यानं ते सोडले, पुन्हा बांधले. त्याचं पुस्तक सापडलंच, शिवाय आणखी सहा परकी पुस्तकं निघाली. दोन कायद्याची, एक संख्याशास्त्राचं, बाकी स्पर्धा परीक्षेची. म्हणजे ‘मृदाशास्त्राकडे कुणी जात नाही’ हा शोध एकट्याचा नव्हताच.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हे त्यातलं दुसरं. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गातली मुलं ही पाचही सूत्रं धडाधड म्हणून दाखवतात. त्या वर्गातल्या एका मुलीनं लपवलेलं पुस्तकही मी स्वतः शोधून काढलंय, हे जाता जाता सांगते.

यावर उपाय काय? पुस्तक आरक्षित करा. बऱ्याच ठिकाणी संदर्भग्रंथ संध्याकाळी बंद होताना एका रात्रीपुरता देतात आणि सकाळी उघडताना परत घेतात. सूचनाफलकावर हे सापडेलच असं नाही, काउंटरवर तोंडाने विचारावं लागतं. मी मागणाऱ्याला सहसा नाही म्हटलं नाही, फक्त सकाळी दहाच्या ठोक्याला पुस्तक आलं नाही तर त्याचं नाव माझ्या लक्षात राहायचं.

आणि वाचून झालेलं पुस्तक कृपा करून स्वतः रॅकमध्ये लावू नका, टेबलावर ठेवा. तुमचा हेतू चांगला असतो, पण अंदाजाने लावलेलं पुस्तक पुढच्या साठा-पडताळणीपर्यंत हरवल्यात जमा. शिवाय टेबलावर उरलेल्या पुस्तकांची आम्ही नोंद करायचो. जादा प्रती मागवताना तीच उपयोगी पडायची.

आकडे चुकीचे वाचणं

पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गांक दशांश असतो, हे एम.एस्सी. गणिताच्या मुलांनाही सांगावं लागलंय. ड्यूईच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत ३३०.९५४ म्हणजे भारताची आर्थिक परिस्थिती. हे पुस्तक ३३०.९६ च्या आधी येतं. पण मुलं बिंदूनंतरचा आकडा ‘नऊशे चोपन्न’ असा वाचतात, शहाण्णवच्या पुढे शोधत जातात आणि मग येऊन सांगतात की पुस्तक नाही. बिंदूनंतर एकेक अंक सुटा वाचा : नऊ, पाच, चार. मराठी साहित्य ८९१.४६ ला आहे, त्यातली कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. इतकं पाठ केलंत तरी मराठीच्या विद्यार्थ्याचं निम्मं काम झालं.

संगणकावर शोधताना अख्खं शीर्षक टाइप करत बसू नका. नोंदी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी झालेल्या असतात. जुन्या मराठी पुस्तकांची नावं काही ठिकाणी रोमन लिपीत, काही ठिकाणी देवनागरीत. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आमच्याच लोकांनी घातलेला, ते कबूल. मी आधी लेखकाचं आडनाव टाकते, मग शीर्षकातला एखादा न चुकणारा शब्द, मग लिपी बदलून पुन्हा. तरीही नाही सापडलं तर माणसाला विचारा. माणूस समोरच बसलेला असतो.

मित्राला आपल्या कार्डावर पुस्तक देणं

‘दोनच दिवसांसाठी पाहिजे’ असं म्हणत मित्र कार्ड मागतो. तुम्ही देता. मित्र पुढच्या वर्षी गावी निघून जातो.

या चुकीची किंमत ताबडतोब मोजावी लागत नाही, म्हणून ती लहान वाटते. एक हुशार मुलगी होती. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला, शुक्रवारी विमान. मंगळवारी दुपारी ती नो ड्यूजचा, म्हणजे ग्रंथालयाचं काही देणं नाही असा, कागद सही करून घ्यायला आली. तिच्या नावावर दोन पुस्तकं निघाली आणि दोन्ही तिनं कधी पाहिलेलीही नव्हती. रूममेटनं नेलेली. रूममेटचा नंबर बदललेला. पहिलं पुस्तक बाजारात मिळालं. दुसरं १९६० च्या दशकातलं, पुन्हा कधी छापलंच गेलं नव्हतं. अशा पुस्तकाची किंमत मागे छापलेल्या आठ रुपयांवर ठरत नाही. ग्रंथपालांकडे अर्ज, तिथून समितीच्या सदस्यांच्या सह्या, मग लेखा विभागात चलन. बिचारी तीन दिवस जिने चढउतार करत होती आणि आम्ही एकामागून एक खिडकीकडे बोट दाखवत होतो. कागद शुक्रवारी सकाळी मिळाला. आमची पद्धत किचकट आहे यात वाद नाही, पण पद्धतीला शिव्या घालायची वेळ विमानाच्या आदल्या आठवड्यातली नसावी.

म्हणून नो ड्यूज शेवटच्या सत्राची परीक्षा संपताच घ्या. आणि दर सत्राला एकदा आपल्या नावावर काय चढलंय ते काउंटरवर तपासून घ्या. पुस्तक परत करतानाही ‘जमा’ झालेलं पडद्यावर बघूनच निघा. स्कॅनर आमचाही चुकतो.

भिजलेलं पुस्तक ‘दुरुस्त’ करून आणणं

जुलैत दप्तर भिजतं, त्यात पुस्तक भिजतं, इथवर माझी काही तक्रार नाही. पुढची कारागिरी नको. कुणी इस्त्री फिरवतं, कुणी गच्चीवर कडक उन्हात ठेवतं, मग पुठ्ठा पापडासारखा वाकतो आणि बांधणीचा सरस सुटतो. रंगीत चित्रांचा गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर पानं एकमेकांना अशी चिकटतात की अख्खं पुस्तक एक वीट होऊन बसतं. घरी करायचंच असेल तर पानांमध्ये कोरे शोषक कागद घाला, ते बदलत राहा, पुस्तक पंख्यासारखं अर्धवट उघडून उभं ठेवा आणि वरचा पंखा लावा. पण सगळ्यात बरं म्हणजे त्याच दिवशी पुस्तक घेऊन या. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. ती नंतर शेजारच्या पुस्तकांतही शिरते.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तो पिवळा पडतो, डाग कायमचा राहतो. फाटलेलं पान तसंच द्या, बांधणीवाला बघून घेईल.

बाकीच्या चुकांसाठी दोन-चार ओळी पुरेत.

दंड म्हणजे भाडं नव्हे. ‘रोजचा रुपयाच तर आहे’ म्हणून सत्रभर पुस्तक ठेवणाऱ्याला पुढच्या सत्रात पुस्तक देताना माझा हात जड व्हायचा.

मुदत वाढवायला शेवटच्या दिवशी येऊ नका. कुणी आरक्षण केलं असेल तर मुदत वाढत नाही, भांडूनही नाही.

अभ्यासिकेतली खुर्ची पाण्याच्या बाटलीने अडवू नका. मामा बाटल्या उचलून प्रॉपर्टी काउंटरवर नेतात, तसं मीच सांगितलेलं होतं.

पेन्सिलीची खूणही नको. ‘महत्त्वाचं’ असं तुम्ही लिहिलेलं पुढच्या माणसाला महत्त्वाचं नसतं.

प्रबंध घरी मिळत नाही. आधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, पाहा, तो पूर्ण तिथेच असण्याची शक्यता बरीच आहे.

शोधनिबंधांसाठी चोरट्या साइट धुंडाळण्याआधी ग्रंथालयाचं लॉगिन मागा. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी विद्यापीठांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. फक्त एका रात्रीत अख्ख्या नियतकालिकाचे सगळे अंक सॉफ्टवेअर लावून ओढू नका. प्रकाशक तुम्हाला एकट्याला बंद करत नाही, सगळ्या विद्यापीठाचा प्रवेश रोखतो. मग सकाळी साडेदहाला प्राध्यापक माझ्यासमोर उभे.

पुस्तक हरवलं तर सांगा. नवी प्रत आणून देता येते, पण ती पावती घेऊन, दुकानातून घेतलेली हवी. एकानं फुटपाथवरची चोरटी प्रत आणून दिली होती, चकचकीत प्लास्टिकचं कव्हर घालून. मी सवयीप्रमाणे पानं चाळली. १६ पानांचा एक फर्मा बांधणीतच गायब, ११२ नंतर थेट १२९. “मॅडम, तेवढा भाग सिलॅबसमध्ये नाहीये,” तो म्हणाला.