सोलापुरात बसून स्वाहिली: सुरुवात कुठून करायची

स्वाहिली पूर्व आफ्रिकेत बोलतात, म्हणून आधी देश ठरवा. टांझानियात सुकुमा, चग्गा, मासाई धरून १२०च्या वर भाषा आहेत आणि त्या सगळ्यांना बांधणारी स्वाहिली. प्राथमिक शाळा, कचेरी, बाजार, सगळं तिच्यात चालतं. केनियाच्या २०१०च्या राज्यघटनेत स्वाहिली राष्ट्रभाषा आहे आणि इंग्रजीच्या जोडीने राजभाषाही. पण नैरोबीतली पोरं आपसात 'शेंग' नावाची स्वाहिली-इंग्रजी खिचडी बोलतात. प्रमाण स्वाहिली झांझिबार शहराच्या बोलीवर बेतलेली आहे, म्हणून आधी टांझानियाच्या वळणाची शिका. बहुतेकांची ती मातृभाषा नसते. पूर्व भागातल्या तेलुगू घरातला माणूस मंगळवार पेठेत मराठी बोलतो, तसंच. त्यामुळे चुकलात तरी कुणी हसत नाही.

सोलापूरकराकडे भांडवल तयार आहे, फक्त कोणती भाषा कुठे वापरायची ते कळलं पाहिजे.

शब्दांसाठी उर्दू. किताबु, कलामु, हेसाबु (हिशोब), दुनिया, हबारी (खबर), तयारी (तयार), लाकिनी (लेकिन), वाकिली (वकील): पहिले शंभर शब्द असे जमवा, रोज दहा, दहा दिवस. शब्द व्यंजनावर संपू द्यायचा नाही. तेलुगू-कानडी घरात बसचं 'बस्सु' होतं, तसं स्वाहिलीत 'बासी' होतं. आपल्याकडून गेलेलेही आहेत: गारी (गाडी), एंबे (आंबा), लाकी (लाख).

उच्चारात दोन ठिकाणी मराठी माणूस हमखास अडखळतो. पहिलं, 'मोजा' हा शब्द, अर्थ 'एक'. आपण पायमोज्यातला 'ज' लावतो. तिथे 'जीव'मधला हवा. 'च'ही 'चार'मधला, 'चूल'मधला नव्हे. दुसरं, जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर: कि-ता-बु, जोर 'ता'वर. बाराबारा म्हणताना 'बा-रा-बा-रा'तल्या तिसऱ्या अक्षरावर जोर दिला तर 'रस्ता', दुसऱ्यावर दिला तर 'अगदी बरोबर'. अपवाद म्हणून लक्षात ठेवायला हा एकच पुरे.

नामांना मराठीसारखी तीन लिंगं नाहीत, त्याहून जास्त गट आहेत आणि गट शब्दाच्या पुढच्या टोकावरून ओळखायचा. म्तु–वातु (माणूस–माणसं), कीती–वीती (खुर्ची–खुर्च्या), दुका–मादुका (दुकान–दुकानं). वहीत शब्द एकटा लिहू नका, जोडीनेच लिहा. नंतर अनेकवचनं घोकत बसणं फार त्रासाचं. गंमत म्हणजे किताबु हा मुळात अरबी शब्द, पण सुरुवातीला 'कि' दिसला म्हणून लोकांनी त्यालाही गटात बसवलं: विताबु. विशेषण मग नामाच्या मागे त्याच रंगात येतं: किताबु किझुरी, विताबु विझुरी. 'चांगला, चांगली, चांगलं' हे आपण न विचारता करतो. इथे तेच शब्दाच्या पुढच्या टोकाला करायचं.

क्रियापदासाठी कानडी-तेलुगू. कानडीत 'ओदुत्तेने' या एका शब्दात 'मी वाचतो' येतं: ओदु धातू, शेवटचा 'एने' म्हणजे मी. स्वाहिलीत साखळी तीच, पण 'मी' पुढे: नि-ना-सोमा, म्हणजे मी–आत्ता–वाचणे. मधला तुकडा बदला: नि-लि-सोमा (वाचलं), नि-ता-सोमा (वाचेन). पुढचा बदला: उ-ना-सोमा (तू), आ-ना-सोमा (तो किंवा ती). नकारात सगळे घसरतात. निनासोमाच्या आधी 'हापाना' (नाही) लावून भागत नाही; 'सिसोमि' म्हणायचं, 'नि'चा 'सि', 'ना' गायब आणि शेवटच्या 'आ'चा 'इ'. हे एक क्रियापद आठवडाभर उलटसुलट फिरवा, मगच दुसरं घ्या.

नात्यांचे शब्द आपल्याला तोंडघशी पाडतात. दादा म्हणजे ताई! आपल्याकडची कानडी-तेलुगू 'आक्का'. काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच.

वेळ मात्र नीट समजून घ्या, कारण इथे बस चुकते. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आसपास उगवतो, म्हणून तास तिथून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. 'सा न्ने असुबुही' शब्दशः चार, पण घड्याळात सकाळचे दहा. युक्ती सोपी: लहान काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. बसवाल्याला असुबुही (सकाळ), म्चाना (दुपार), जिओनी (संध्याकाळ) की उसिकु (रात्र) ते विचारा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. विमानाच्या तिकिटावर मात्र आपल्या पद्धतीनेच मोजलेली वेळ असते.

कापडाच्या बाजारात ङ्गुओ (कपडे), पांबा (कापूस), ताउलो (टॉवेल), शुका (चादर) एवढ्यावर काम भागतं. 'बेइ गानी?' म्हणजे केवढ्याला, 'घाली साना' म्हणजे फार महाग, 'निपुंगुझिए' म्हणजे जरा कमी करा. मागताना नुसती आज्ञा नको, आधी 'नाओंबा' (विनंती करतो) लावा. त्याशिवाय बोलणं उद्धट वाटतं.

वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं; पाय धरतो असा त्याचा अर्थ सांगतात. एखाद्या पोराने तुम्हालाच शिकामो म्हटलं, तर उलट शिकामो म्हणू नका. उत्तर 'माराहाबा'.