घोडा बिघडला म्हणण्याआधी या चुका बघा

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, म्हणजे घोड्यांचा मोठा बाजार, उठली की महिन्याभरात मला फोन सुरू होतात. दादा, यात्रेत एकदम गरीब होता, आता चावतो, लाथ झाडतो, काय करू. मी आधी विचारतो, खायला काय घालतोस? उत्तर ठरलेलं: हरभरा भरपूर, आणि दिवसभर आखूड दोरीवर बांधलेला.

इथंच सगळं फिसकटतं. मोकळा घोडा दिवसातले 14-16 तास चरतो, त्याचं पोट अंगाच्या मानाने लहान असतं आणि त्यात ॲसिड चोवीस तास सुटत राहतं, खाल्लं असो वा नसो, आणि रिकामं पोट जळलं की तो चिडणारच. म्हणजे दोन वेळा चंदी (हरभऱ्यासारखा दाणा) आणि मधे गव्हाण रिकामी हा हिशोब गाडीला पेट्रोल भरल्यासारखा झाला, जनावराचा नाही. सुका चारा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के हवा, 350 किलोच्या घोड्याला साधारण 5 ते 7 किलो. आधी चारा, मग चंदी, तीही थोडी थोडी करून आणि काम असेल तेवढीच.

चारा एकदम बदलू पण नका. मी स्वतः पहिल्या घोडीला कौतुकाने पाटीभर लसूणघास घातला आणि रात्री ती लोळायला लागली, वळून वळून पोटाकडे बघतेय, लीद बंद! घोड्याला उलटी होत नाही, आत गेलं ते गेलं, त्यामुळे पोटशूळात वाट बघायची नाही, खाणं काढून घ्यायचं आणि सरळ डॉक्टरला फोन. बाटलीने तेल पाजायला कोणीतरी शहाणा येतोच, त्याला थांबवा, ते फुप्फुसात जाऊ शकतं. नवीन चारा 8-10 दिवसांत हळूहळू वाढवायचा.

खुरं रोज साफ करायची, ओल्या लिदीत उभा राहिला की तळ कुजून घाण वास येतो. आणि नाल ठोकलेली असो नसो, नालबंद 6-8 आठवड्यांनी यायलाच हवा.

आता "माझं ऐकत नाही" वाल्यांसाठी. लगाम खेचला, घोडा थांबला, तरी आपण खेचतोच, ही सगळ्यात कॉमन चूक. घोडा ओढल्याने शिकत नाही हो, सोडल्याने शिकतो! त्याने अर्धं पाऊल जरी बरोबर टाकलं तरी त्याच क्षणी हात ढिला करायचा. नाहीतर त्याला वाटतं की थांबून पण तोंड दुखणारच आहे, मग कशाला थांबू.

त्याला बरोब्बर मागचं आणि थेट नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून आवाज देत खांद्याच्या बाजूने जा. कान पण बघत जा, मागे चिकटवले की तो वैतागलाय. मारवाडी, काठियावाडी कानांची टोकं आत वळलेली असतात त्यामुळे नवख्याला पटकन कळत नाही, पण दोनचार दिवस नुसतं बघत बसलात की समजतं.

आणि चाबूक उचलायच्या आधी खोगीर उतरवून पाठीवर हात फिरवा. मागच्या वर्षी एकाचा घोडा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायचा, बघितलं तर खोगिराखाली मानेच्या मुळाशी दोन्हीकडे पांढऱ्या केसांचे ठिपके, म्हणजे तिथं कातडी आधीच दबून जखमी झालेली. खोगीर बदललं, महिनाभर पाठीला आराम दिला. अजून तंग दिसला की कान मागे घेतो, पण चावत नाही.