चरबीतल्या स्टेम सेल गोठवताना या चुका टाळा

व्हायल (पेशी गोठवलेली छोटी कुपी) वितळवली, ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) टाकून पेशी मोजल्या, ९० टक्के जिवंत निघाल्या आणि सगळे खूश झाले. पहिली गफलत इथेच होते, कारण हे ९० टक्के कशाचे, हे कुणी विचारत नाही.

समजा, गोठवताना व्हायलमध्ये १ कोटी जिवंत पेशी होत्या. वितळल्यावर हाती लागल्या ६० लाख. त्यातल्या ९० टक्के जिवंत, म्हणजे ५४ लाख. बाकीच्या ४० लाख गेल्या कुठे? बहुतेक फुटल्या. पार फुटून गेलेली पेशी रंग घ्यायलाही शिल्लक राहत नाही, त्यामुळे टक्केवारीत ती येतच नाही. म्हणून दोन आकडे लिहा: वितळल्यावर जिवंतपणा किती, आणि गोठवलेल्यांपैकी जिवंत परत किती मिळाल्या. दुसरा आकडा नसलेला अहवाल मी तरी अर्धाच समजतो.

मोजायची वेळही तितकीच महत्त्वाची. गोठण्याचा मार बसलेल्या बऱ्याच पेशी लगेच मरत नाहीत, काही तासांनी मरतात. तेव्हा एकदा लगेच मोजा, मग २४ तास फ्लास्कमध्ये (पेशी वाढवायच्या बाटलीत) ठेवून तळाला किती चिकटल्या ते पाहा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकत्याच वितळवलेल्या मेसेन्कायमल पेशींची (चरबीतल्या स्टेम सेल याच गटातल्या) टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना, आवरण्याची ताकद घटलेली दिसली होती. २४ तास वाढवल्यावर ती परत आली. पण व्हायलमधून थेट रुग्णाला द्यायचं औषध असेल तर हे २४ तास मिळणार नाहीत. मग परिणामकारकतेची चाचणी ताज्या, सुदृढ पेशींवर करून उपयोग काय? ती वितळवल्या-वितळवल्याच करायला हवी.

व्हायल भरताना

डीएमएसओ हा गोठताना पेशींना वाचवणारा, पण जास्त वेळ लागून राहिला तर त्यांना घातक ठरणारा द्रव. तो पाण्यात मिसळताना उष्णता सुटते. त्यामुळे गोठवण्याचं द्रावण आधी तयार करून थंड करून ठेवा, पेशींवर थेट डीएमएसओ ओतू नका. एकदा ते पेशींना लागलं की घड्याळ सुरू झालं असं समजा.

मोठ्या बॅचमध्ये एकाच माणसाने शेकडो व्हायल भरल्या तर पहिली व्हायल शेवटचीपेक्षा कितीतरी जास्त वेळ डीएमएसओत बसते. शंका आली तर भरण्याच्या क्रमाने पहिली, मधली आणि शेवटची व्हायल वितळवून पाहा. पहिलीत जिवंतपणा कमी असेल तर डीएमएसओत फार वेळ गेला. एकूण पेशींचाच आकडा क्रमाने बदलत असेल, तर भरताना पेशी बाटलीच्या तळाशी बसत होत्या. ही चाचणी फुकटात होते आणि फार कमी जण करतात.

मिनिटाला सुमारे १ अंश हा थंड करण्याचा वेग सगळ्यांना पाठ असतो. पण मशीनच्या पडद्यावरचा वेग कक्षाचा असतो, व्हायलच्या आतला नव्हे. बर्फ धरताना उष्णता बाहेर पडते आणि नमुन्याचं तापमान क्षणभर वर उडी घेतं. ते नमुन्यात ठेवलेल्या प्रोबच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या) आलेखावर दिसतं. ही उडी फार उशिरा, खूप खालच्या तापमानाला आली असेल, तर बर्फ एकदम धरला आणि पेशींना पाणी बाहेर टाकायला सवड मिळाली नाही. आतला वेग व्हायलच्या आकारानेही बदलतो, म्हणून एकाच फेरीत १ मिलीच्या आणि ५ मिलीच्या व्हायल मिसळू नका.

उणे ८० अंश हा मुक्काम नव्हे, थांबा आहे. तिथून व्हायल नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० च्या खाली न्या. रॅक बाहेर काढून लेबल वाचत उभं राहणं हीसुद्धा चूकच: वरच्या व्हायल भराभर तापतात आणि अशा फेऱ्यांचं नुकसान साठत जातं.

बिघाड आधीचाच असेल तर

चरबीतून पेशी सुट्या करणाऱ्या कोलॅजिनेज या एन्झाइमला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए किंवा सायट्रेट असलेल्या द्रावणात चरबी आली की पचन अर्धवट राहतं, आणि मग लोक एन्झाइमच्या लॉटला दोष देतात. फ्लास्क ७०-८० टक्के भरला की पेशी काढा. गच्च भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी मंदावतात, काढताना गुठळ्या होतात. मायकोप्लाझ्मा (पेशींच्या वाढीत शिरणारे अतिसूक्ष्म जिवाणू) गोठवण्याने मरत नाही, म्हणून पेशींचा गोठवलेला साठा करण्याआधीच तपासा.

रुग्णाजवळ

युरोपात २०१८ मध्ये मंजूर झालेलं, दात्याच्या चरबीतल्या पेशींचं डार्व्हाडस्ट्रोसेल हे औषध १२ कोटी पेशींच्या डोसमध्ये ताजंच पाठवलं जाई आणि ७२ तासांत वापरावं लागे. (नंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा सिद्ध न झाल्याने २०२४ मध्ये ते तिथल्या बाजारातून गेलं.) गोठवलेल्या औषधाला ही घाई नसते, निर्जंतुकतेच्या १४ दिवसांच्या चाचणीचा निकाल हातात घेऊनच ते सोडता येतं. निकालाआधीच व्हायल बाहेर काढली तर ही सोय वाया घालवली.

वितळवणं मात्र झटपट, ३७ अंशांवर, बर्फाचा बारीक खडा उरेपर्यंतच. पाण्याच्या बाथमध्ये व्हायलचं झाकण बुडू देऊ नका. पातळ करायचं असेल तर थेंबाथेंबाने, आणि नुसत्या सलाइनने नव्हे, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) घालून. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये पडून राहिली तर पेशी खाली बसतात: टोचण्याआधी ती हळुवार उलटीपालटी करा, जोरात हलवू नका.